दुसऱ्या पिस्तुलाआधी पहिल्याचा हिशेब

पोलिसाच्या अंगावर एक पिस्तूल असावे की दोन, हा प्रश्न आपल्याकडील सामान्य वाचकास प्रथमदर्शनी चैनीचा वाटेल. ज्या देशात पोलीस शिपाई अजूनही बहुधा लाठी आणि शिट्टी एवढ्याच सामग्रीवर चौकाचौकांतून उभा असतो, त्या देशाने दुसऱ्या पिस्तुलाची चर्चा कशाला करावी, असेही कोणी विचारील. तथापि हा प्रश्न दिसतो तितका परका नाही. अमेरिकेतील पोलिसांनी गेल्या साठ वर्षांत ह्या दुसऱ्या पिस्तुलाचा अनुभव पुरेपूर घेतला आहे. त्यात प्राण वाचल्याच्या कथा आहेत, तशाच न्यायाचा गळा घोटल्याच्याही कथा आहेत. २००८ सालच्या नोव्हेंबरात ज्या मुंबईने आपले पोलीस अपुऱ्या शस्त्रांनिशी मृत्यूला सामोरे जाताना पाहिले, आणि ज्या मुंबईतील पोलिसांच्या चकमकींची छाननी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, त्या मुंबईला ह्या दोन्ही प्रकारच्या कथांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. अमेरिकेत गणवेषातील प्रत्येक पोलिसाच्या पट्ट्याला एक पिस्तूल उघडपणे लटकत असते. त्याखेरीज अनेक पोलीस एक लहानसे हत्यार घोट्याजवळ, खिशात किंवा गोळीरोधक जाकिटाच्या आत दडवून ठेवतात. पूर्वी हे हत्यार म्हणजे बहुधा पाच गोळ्यांचे आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर असे. आता त्याची जागा लहान पिस्तुलांनी घेतली आहे. ते मुख्य हत्यार नव्हे. मुख्य हत्यार निकामी झाले, रिकामे झाले, हातातून गेले, अथवा त्यापर्यंत हातच पोहोचेनासा झाला, तर अखेरचा आधार म्हणून ते बाळगावयाचे. आखूड नळीमुळे त्याचा नेम दूरवर लागत नाही आणि त्यात गोळ्याही थोड्या मावतात. परंतु हातघाईच्या अंतरावर त्याचे मोल प्राणाएवढे असते, असे ते बाळगणारे सांगतात. आणि ते उगाच सांगत नाहीत.

कांद्याच्या शेतातील धडा

९ मार्च १९६३ च्या रात्री लॉस एंजलिस शहरातील हॉलीवूड भागात इयन कॅम्पबेल व कार्ल हेटिंगर ह्या साध्या वेषातील दोन पोलिसांनी एक संशयास्पद मोटार थांबविली. मोटारीतील गुन्हेगाराने कॅम्पबेलवर पिस्तूल रोखले. सहकाऱ्याचा जीव वाचावा म्हणून हेटिंगरनेही आपले हत्यार खाली दिले. गुन्हेगारांनी दोघांना मोटारीत घालून बेकर्सफील्डनजीकच्या एका कांद्याच्या शेतात नेले. तेथे कॅम्पबेलला गोळ्या घालण्यात आल्या. हेटिंगर अंधाराचा फायदा घेऊन निसटला. पुढे ह्या घटनेवर जोसेफ वॉम्बॉ ह्या पोलीस-लेखकाने १९७३ मध्ये लिहिलेला ग्रंथ फार गाजला. घटनेनंतर लॉस एंजलिसच्या पोलीस दलाने आपल्या लोकांना बजावले की, काहीही झाले तरी शस्त्र शत्रूच्या हाती देऊ नका. वाचलेल्या हेटिंगरच्या वाट्याला मात्र सहानुभूतीपेक्षा दूषणच अधिक आले. हातातले एकमेव हत्यार गेले की माणसापाशी काय उरते, हा प्रश्न त्या शेताने अमेरिकन पोलिसांपुढे उभा केला आणि तो पुन्हा मिटला नाही.

सात वर्षांनी, एप्रिल १९७० मध्ये, कॅलिफोर्नियातील न्यूहॉलजवळ दोन गुन्हेगारांशी झालेल्या चकमकीत महामार्ग पोलिसांचे चार तरुण शिपाई पाच मिनिटांच्या आत ठार झाले. त्या काळच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहा गोळ्या असत. त्या संपल्या की पुन्हा एकेक गोळी बोटांनी भरावी लागे आणि ज्याच्यावर गोळीबार चालू आहे त्याची बोटे थरथरतात. त्या प्रसंगी रस्त्याने जाणारा एक नागरिक आपली मोटार थांबवून धावून आला. जखमी शिपायाची बंदूक त्याने उचलली तो ती रिकामी निघाली. मग त्याने शिपायाचेच रिव्हॉल्व्हर घेऊन गोळ्या संपेपर्यंत झुंज दिली. ह्या घटनेनंतर अमेरिकेतील पोलीस प्रशिक्षणाची पद्धत मुळापासून तपासली गेली.

तिसरा प्रसंग मायामी शहरातील. ११ एप्रिल १९८६ रोजी सकाळी केंद्रीय तपास संस्थेच्या आठ अधिकाऱ्यांनी बँका लुटणाऱ्या दोघा इसमांची मोटार अडविली. ह्या झटापटीत मोटारींची धडक झाली आणि तिच्या धक्क्याने जॉन हॅनलन नावाच्या अधिकाऱ्याचे मुख्य रिव्हॉल्व्हर कोठे जाऊन पडले ते त्याला सापडेना. तो लढला तो आपल्या दुसऱ्या, पाच गोळ्यांच्या लहान रिव्हॉल्व्हरवर. दुसऱ्या एका अधिकाऱ्याच्या हाताला गोळी लागली आणि त्याला आपले रिव्हॉल्व्हर पुन्हा भरता येईना. चकमक संपली तेव्हा दोन अधिकारी ठार आणि पाच जखमी झाले होते. दोघेही दरोडेखोर मरण पावले. दुसऱ्या पिस्तुलाचे समर्थक आजही मायामीचे नाव घेतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. हत्यार हरवू शकते, हात जायबंदी होऊ शकतो, गोळी अडकू शकते; हे भित्र्या माणसाच्या मनाचे खेळ नव्हेत, प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टी आहेत.

परंतु शत्रूच्या हाती रायफल असेल तर?

येथवर वाचून जो कोणी म्हणेल की प्रत्येक पोलिसाला दोन पिस्तुले देऊन टाका, त्याने मायामीची उरलेली हकीगतही ऐकावी. त्या चकमकीत दरोडेखोरांपैकी एकाच्या हाती अर्धस्वयंचलित रायफल होती आणि बहुतेक हानी तिने केली. रायफलीपुढे पिस्तूल लंगडे पडते, मग ते एक असो वा दोन.

त्याचा दाखला लॉस एंजलिसने २८ फेब्रुवारी १९९७ रोजी पुन्हा दिला. नॉर्थ हॉलीवूडमधील एका बँकेवर दरोडा घालून दोन इसम बाहेर पडले ते अंगभर चिलखत चढवून आणि हातांत स्वयंचलित रायफली घेऊन. भोवतालच्या पोलिसांपाशी पिस्तुले, रिव्हॉल्व्हरे आणि छऱ्यांच्या बंदुका होत्या. त्यांच्या गोळ्या चिलखतावर आपटून वाया गेल्या. अखेर काही पोलिसांनी जवळच्या शस्त्रांच्या दुकानात जाऊन रायफली मागून आणल्या! पाऊण तासाने दोन्ही दरोडेखोर मेले आणि रस्त्यांवर जखमी पोलीस व नागरिक पडलेले होते. जगातील सर्वांत श्रीमंत देशातील पोलिसांवर दुकानदाराच्या दारी रायफल मागण्याची पाळी आली, ह्यात हसण्यासारखे काही नाही. शस्त्रांचा विचार संख्येने करून भागत नाही, कोणत्या संकटाला कोणते शस्त्र ह्या दृष्टीने तो करावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ. त्या दिवसानंतर तेथील गस्तीच्या मोटारींतून रायफली ठेवल्या जाऊ लागल्या.

शिवाय काळही बदलला. सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरची जागा गेल्या शतकाच्या अखेरीस पंधरा-सतरा गोळ्यांच्या पिस्तुलाने घेतली. कोश बदलला की ते दोन क्षणांत पुन्हा भरते. रिव्हॉल्व्हर भरत बसण्यापेक्षा दुसरे उपसणे सोयीचे, हे पूर्वीचे कारण त्यामुळे बरेच दुबळे झाले. हत्यार हिसकावले जाण्याचे भय उरले. त्यावरही मुख्य पिस्तुलाचे म्यानच असे बनविण्यात आले की, ते उपसण्याची खुबी ज्याला ठाऊक नाही त्याला ते सहजी ओढून काढता येऊ नये. रोगाचे मूळ सापडले म्हणजे औषधाच्या बाटल्यांची संख्या कमी करता येते, ती ही अशी.

हॅम सँडविच

आता नाण्याची दुसरी बाजू. जे पिस्तूल कोणाला दिसत नाही आणि ज्याची नोंद कोठे नाही, ते एखाद्या पोलिसाचा प्राण वाचवू शकते. तसेच ते एखाद्या प्रेताच्या शेजारी ठेवताही येते. अमेरिकेत ह्या प्रकाराला स्वतंत्र नाव आहे. नि:शस्त्र माणूस चुकून अथवा जाणूनबुजून मारला गेला, तर त्याच्याजवळ टाकण्यासाठी बाळगलेले हे 'टाकावयाचे' पिस्तूल. सर्वच दुसरी पिस्तुले अशा कामासाठी असतात, असे म्हणणे हा प्रामाणिक पोलिसांवर घोर अन्याय होईल. परंतु जेथे बिननोंदीचे पिस्तूल बाळगण्याची सवय रुजते, तेथे ह्या पापाची सोय आयतीच होते, हे नाकारता येणार नाही.

२००५ सालच्या कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ४ सप्टेंबर रोजी, तेथील डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी नि:शस्त्र नागरिकांवर गोळ्या झाडल्या. सतरा वर्षांचा एक मुलगा आणि चाळिशीतला एक मतिमंद गृहस्थ असे दोघे ठार झाले. आणखी चौघे जखमी झाले. गोळीबार योग्य ठरावा म्हणून तपास अधिकाऱ्याने स्वत:च्या घरून एक पिस्तूल आणले आणि ते पुलाजवळ सापडल्याचे दाखविले. त्या पिस्तुलाचे पोलिसांच्या आपसांतल्या भाषेतील नाव होते 'हॅम सँडविच'! बुडालेल्या शहरातील बळींच्या माथी मारावयाच्या हत्यारास न्याहारीच्या पदार्थाचे नाव देणारी ही मनोवृत्ती कोणत्याही सुसंस्कृत माणसाच्या अंगावर शहारे आणील. खटले झाले, शिक्षा झाल्या, त्या रद्दही झाल्या, आणि शेवटी २०१६ मध्ये संबंधितांनी न्यायालयात अपराध कबूल केला. अकरा वर्षे गेली.

बाल्टिमोर शहरात तर ज्या तुकडीची नेमणूक बेकायदा शस्त्रे पकडण्यासाठी झाली होती, तिचेच पोलीस लूटमार करताना २०१७ मध्ये पकडले गेले. २०१८ च्या खटल्यात त्यांच्यापैकी एकाने साक्ष दिली की, वेळप्रसंगी कोणाजवळ टाकता यावे म्हणून आम्ही छऱ्यांची खेळातली पिस्तुले बरोबर बाळगत असू. कुंपणानेच शेत खाल्ले तर राखण कोणी करावयाची?

म्हणून अमेरिकेतील जबाबदार पोलीस दलांनी दुसऱ्या पिस्तुलावर सरसकट बंदी घातली नाही आणि त्याला मोकळे रानही दिले नाही. त्यांनी ते नोंदवहीत आणले. कोणत्या बनावटीचे पिस्तूल चालेल ते दलाने ठरवावयाचे. त्याचा क्रमांक दप्तरी लिहावयाचा. आणि मुख्य पिस्तुलाप्रमाणेच त्यानेही नेमबाजीची परीक्षा उत्तीर्ण व्हावयाचे. आम्हांस ह्या साऱ्या अनुभवाचे सार ह्या एका शब्दात दिसते: नोंद. शस्त्र वाईट किंवा चांगले नसते. त्याचा हिशेब असतो किंवा नसतो.

मुंबईची रात्र

ह्या अनुभवाच्या उजेडात आता आपल्या घराकडे पाहू. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये कसाब व इस्माईल ह्या दोघा अतिरेक्यांनी पन्नासाहून अधिक माणसे मारली. त्यांच्या हातांत एके-४७ रायफली होत्या. स्थानकावरच्या पोलिसांपाशी होत्या लाठ्या आणि काही जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली. ह्या रायफलीची जात महायुद्धाच्या काळातली. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला तो २०२० सालच्या प्रजासत्ताकदिनी, म्हणजे ह्या हल्ल्यानंतर अकरा वर्षांनी! तरीही स्थानकातील काही पोलिसांनी मागे पाऊल घेतले नाही. रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे तेथे कामी आले. कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन नामांकित अधिकारी एकाच वेळी पडले.

आणि मग गिरगाव चौपाटीची नाकाबंदी. तेथे पोलिसांच्या गोळीबारात मोटार चालविणारा इस्माईल मरण पावला; परंतु शेजारी बसलेल्या कसाबच्या हाती रायफल होती. साहाय्यक फौजदार तुकाराम ओंबळे त्याच्यावर नि:शस्त्र झेपावले, रायफलीची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली, आणि पोटात गोळ्या घेत असतानाही ती सोडली नाही. त्या अवधीत सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले. ओंबळे ह्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. कसाब जिवंत सापडला म्हणून कटाचे धागेदोरे जगापुढे मांडता आले, न्यायालयात खटला चालला, आणि सर्व पायऱ्या पार पडल्यावर २०१२ मध्ये त्याला फाशी झाली. पोलिसाचे खरे कर्तव्य गुन्हेगाराला कायद्याच्या हाती जिवंत सोपविणे हे आहे, आणि ते ज्या पोलिसाने सर्वांत उज्ज्वल रीतीने बजावले त्याच्यापाशी एकही पिस्तूल नव्हते.

ह्या ओळी लिहिताना अभिमानाने ऊर भरून येतो, परंतु ह्या अभिमानाच्या आड शासनाने लपू नये. ओंबळे ह्यांचे शौर्य ही त्यांची स्वत:ची कमाई. त्यांचे नि:शस्त्र असणे ही मात्र व्यवस्थेची देणगी होती. हल्ल्यानंतर राज्य शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीने २००९ मध्ये अहवाल दिला. शस्त्रांची, दारूगोळ्याची आणि नेमबाजीच्या सरावाची आबाळ तिने निदर्शनास आणली. पुढे 'फोर्स वन' हे खास पथक उभे राहिले, नवी शस्त्रे आली, सागरी गस्त वाढली. ह्या सुधारणा आम्ही नाकारीत नाही. परंतु संकट येते तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत तेथे खास पथक नसते. तेथे असतो तो नजीकच्या ठाण्याचा शिपाई. त्याच्या हातातले शस्त्र चालते काय, आणि ते त्याने अखेरचे केव्हा चालविले होते, ह्या दोन प्रश्नांच्या उत्तरावर शहराचे प्राण अवलंबून असतात. गोळ्या महाग म्हणून सराव नाही, आणि सराव नाही म्हणून ऐन वेळी गोळ्या व्यर्थ, अशी ही साखळी आहे. ज्याने वर्षानुवर्षे चाप ओढलेला नाही, त्याच्या कमरेला दुसरे पिस्तूल बांधणे म्हणजे आधी कळस मग पाया!

चकमकी आणि हिशेब

हिशेबाचा दुसरा भाग अधिक अप्रिय आहे, परंतु तो सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. १९९५ ते १९९७ ह्या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ इसम मारले गेले. त्यांविषयीच्या याचिकेवर निर्णय देताना २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साऱ्या देशासाठी सोळा नियम घालून दिले. त्यांतील एक नियम आमच्या विषयाशी थेट संबंध असलेला आहे. चकमकीत गुंतलेल्या पोलिसांनी आपली शस्त्रे शास्त्रीय तपासणीसाठी तपास पथकाच्या स्वाधीन केली पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले. कोणती गोळी कोणत्या नळीतून सुटली, हे ज्याला कळेल त्यालाच खरे काय घडले ते कळेल. ज्या दलात पोलिसांच्या अंगावर नोंद नसलेले दुसरे हत्यार असू शकते, त्या दलात हा नियम कागदावर राहील.

२००६ साली वर्सोव्यात झालेल्या एका चकमकीविषयी सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये ती बनावट असल्याचा निष्कर्ष काढून तेरा पोलिसांना जन्मठेप दिली, आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांपैकी बहुतेकांची शिक्षा कायम केली. 'आरोपीने आमचे पिस्तूल हिसकावले म्हणून आम्हांस गोळी झाडावी लागली' हे वाक्य तर आता आपल्या कानांना इतके सरावाचे झाले आहे की, त्यातील शब्दही बदलत नाहीत. हैदराबादजवळ डिसेंबर २०१९ मध्ये चार आरोपी मारले गेले, तेव्हा हेच सांगण्यात आले. महाराष्ट्रातील निवृत्त न्यायमूर्ती शिरपूरकर ह्यांच्या आयोगाने २०२२ मध्ये ते साफ अमान्य केले. सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूर प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या गाडीत मारला गेला, तेव्हाही हेच सांगण्यात आले; आणि जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयापुढे आलेल्या मॅजिस्ट्रेटच्या चौकशी अहवालाने त्यावर संशय व्यक्त केला.

ह्या आरोपींवर कोणते आरोप होते ते आम्ही विसरलेलो नाही. त्या आरोपांनी समाजाचे मन पेटून उठले होते आणि ते उठावयास हवेच होते. परंतु आम्ही पोलीस खात्यास एक साधा प्रश्न विचारतो. बेड्या घातलेला किंवा पोलिसांनी वेढलेला आरोपी जर अधिकाऱ्याच्या कमरेचे पिस्तूल खरोखरच एवढ्या सहजतेने हिसकावू शकत असेल, तर ते पिस्तूल सुरक्षित राखण्याचे शिक्षण आणि साधन तुम्ही आजवर का दिले नाही? आणि जर तो ते हिसकावू शकत नसेल, तर मग खरे काय घडले? दोहोंपैकी कोणतेही उत्तर दिले तरी खात्याला आपले घर झाडावे लागेल.

थकलेल्या हातातील शस्त्र

शस्त्र वाढविण्यापूर्वी ज्या हातात ते द्यावयाचे त्या हाताचीही विचारपूस झाली पाहिजे. ३१ जुलै २०२३ रोजी पहाटे जयपूरहून मुंबईस येणाऱ्या गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने सरकारने दिलेल्या रायफलीने आपल्या वरिष्ठाला आणि तिघा प्रवाशांना ठार मारले. प्रवाशांच्या रक्षणासाठी दिलेले शस्त्र प्रवाशांवरच उलटले. पोलिसाचे मन, त्याची झोप, त्याचे द्वेष आणि त्याचे दु:ख हे त्याच्या शस्त्राइतकेच सार्वजनिक विषय आहेत, हे त्या पहाटेने दाखवून दिले. बारा-बारा तासांची पाळी, रद्द झालेल्या रजा, बंदोबस्तात उभ्या उभ्या गेलेले सण आणि पोलीस वसाहतींतील गळकी छपरे, ह्यांतून येणाऱ्या माणसापाशी आपण क्षणार्धात योग्य निर्णय घेण्याची अपेक्षा करतो. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यापासून २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तो ह्याच दिशेने टाकलेले पाऊल होता. नेमबाजीच्या मैदानाइतकीच ही गोष्टही शस्त्राच्या सुरक्षिततेशी निगडित आहे, हे ज्याला पटत नाही त्याने जयपूरच्या गाडीचे स्मरण करावे.

ह्याच संदर्भात इंग्लंडकडेही एक नजर टाकावी. १८२९ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या पोलीस दलातील बहुसंख्य शिपाई आजही पिस्तुलावाचून हिंडतात. ऑगस्ट १९६६ मध्ये लंडनच्या शेपर्ड्स बुश भागात तीन नि:शस्त्र पोलीस भर दिवसा मारले गेले. साऱ्या देशात हलकल्लोळ उडाला, परंतु इंग्रजांनी प्रत्येक शिपायाच्या कमरेला पिस्तूल बांधले नाही. निवडक पोलिसांना उत्तम शस्त्रे आणि कठोर शिक्षण द्यावयाचे, आणि बाकीच्यांनी लोकांच्या विश्वासावर काम करावयाचे, अशी रीत त्यांनी चालविली. अमेरिकेत घरोघर बंदुका आहेत. तेथील पोलिसास दुसरे पिस्तूल हवेसे वाटणे स्वाभाविक आहे. आपली स्थिती अमेरिकेसारखी नाही आणि लंडनसारखीही नाही. आपल्याकडे परवान्यावाचून शस्त्र बाळगता येत नाही. परंतु बेकायदा गावठी कट्टे आहेत, आणि समुद्रावाटे येणारे संकटही एकदा येऊन गेले आहे. तेव्हा दोघांपैकी कोणाचीही नक्कल न करता आपला मार्ग आपणच आखावयास हवा.

आमचे म्हणणे

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. अंगरक्षक, गुन्हेगारी टोळ्यांत वेष पालटून वावरणारे अधिकारी, अतिरेकीविरोधी पथके अशा ज्यांच्या कामात मुख्य शस्त्र हातचे जाण्याचा धोका खरोखरच मोठा आहे, त्यांना दुसरे पिस्तूल अवश्य द्यावे. मात्र ते सरकारी असावे. त्याचा क्रमांक आणि त्याची प्रत्येक गोळी वहीत असावी. ते चालविण्याची परीक्षा दरवर्षी व्हावी. आणि गोळीबार घडताच पहिल्या पिस्तुलाबरोबर तेही, सुटले असो वा नसो, तपासणीसाठी जमा व्हावे. ह्याखेरीज कोणाच्याही अंगावर खाजगी अथवा बिननोंदीचे हत्यार सापडले, तर तो शिस्तभंग न मानता गुन्हा मानला जावा.

आणि हे सर्व त्याआधीच्या कामांनंतर. प्रत्येक ठाण्यात चालू स्थितीतील शस्त्रे आणि अंगाला बसणारी गोळीरोधक जाकिटे हवीत. सरावासाठी मैदान आणि गोळ्या हव्यात. हिसकावता न येणारी म्याने हवीत. शिपायाला विसावा हवा, आणि त्याचे मन ढासळत असेल तर ते वेळीच ओळखणारा वैद्य हवा. अर्थसंकल्पात ह्यांतील एकेका बाबीची रक्कम मोठी वाटेल. ज्यांना ती मोठी वाटते त्यांनी चौपाटीवर जाऊन ओंबळे ह्यांच्या पुतळ्यापुढे उभे राहावे आणि तेथे तो हिशेब पुन्हा करावा.

पोलिसाचे प्राण स्वस्त आहेत असे मानणारे राज्य लवकरच नागरिकांचे प्राणही स्वस्त मानू लागते. आणि ज्या राज्यात नागरिकाच्या प्राणाचा जाब कोणी विचारीत नाही, तेथे पोलिसासाठी रडावयासही कोणी उरत नाही. पोलिसाला उत्तम शस्त्र द्या, ही आमची मागणी आहे. त्याच्या प्रत्येक गोळीचा हिशेब मागा, ही त्याच मागणीची दुसरी बाजू आहे. पहिले पिस्तूल चालते आणि पहिला हिशेब जुळतो, एवढे शासनाने ह्या शहराला दाखवून द्यावे. दुसऱ्या पिस्तुलाची गोष्ट आपण त्यानंतर आनंदाने बोलू.